दात कुणाचे वाजत होते

जव्हार
१२ जानेवारी २०२५

गोदीबाय,

फाडू नकोस. नवसू जीप थांबवून उभा राहील, तेवढ्यात एकदा वाच. तू चौथीपर्यंत शिकलीस म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. रविनाला वाचायला देऊ नकोस. ती तुझी लेक असली तरी हे आधी तुझं आहे. फोन केला की तू कापतेस, म्हणून कागद.

सरळच लिहिते. झोपेत दात मी खात होते. तू नाही.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. अक्षर वेडंवाकडं झालं तर समजून घे.

कळलं ते असं. गेल्या वर्षी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. एकदा एका बाईचं बीपी मोजताना हातात पंप तसाच धरून मी झोपले. ती बाई म्हणाली, "सिस्टर, माझा हात सोडा ना." गोरख कधीपासून म्हणत होता की तू घोरतेस, मधेच तुझा श्वास बंद पडतो आणि मी उठून बसतो. शेवटी नाशिकला नेलं त्याने. अंगाला वायरी लावून मला एक रात्र झोपवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत तासाला तीस-पस्तीस वेळा श्वास थांबतो. त्यावर मशीन दिलं. जेवणाच्या डब्याएवढं आहे. त्याला नळी, नळीला मास्क, तो नाकावर बांधून झोपायचं. मशीन हवा ढकलत राहतं, त्यामुळे घसा मिटत नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज रडले. मग एका सकाळी उठले तर डोकं रिकामं, हलकं. दुसऱ्याच कुणाच्या अंगात जाग आल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी चहा पिताना गोरख म्हणाला, "घोरणं गेलं तुझं. पण आता त्याच्या खालचं ऐकू यायला लागलं."

"खालचं काय?"

"जात्यात खडा आल्यावर येतो ना, तसा आवाज. दात खातेस तू."

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नका. तर त्याने दुसऱ्या दिवशी मोबाईलवर धरलेला आवाज ऐकवला. मी भाजी फोडणीला टाकत होते. मी गॅस बंद केला. परत लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. गोदीबाय, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आपण एका गोधडीत झोपायचो तेव्हा माझ्या कानाशी यायचा, तोच.

नाशिकला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आरसा घालून दाढा पाहिल्या आणि म्हणाल्या, "सपाट झाल्यात पार. हे दोन-चार वर्षांचं नाही, ताई. लहानपणापासूनचं असणार." मी तोंड उघडं ठेवून खुर्चीत आडवी होते आणि तिथेच मला सगळं दिसलं. लहानपणी मला जाग यायची ती त्या कर्र कर्र आवाजाने. मी डोळे उघडले की आवाज बंद. मला वाटायचं, मी जागी झाले हे तुला कळतं म्हणून तू थांबतेस. सोंग करतेस. मी जागी झाल्यामुळे आवाज थांबतो, म्हणजे तो माझाच आहे, हे नऊ वर्षांच्या माझ्या डोक्यात आलं नाही. परवा आलं. मी ओरडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, काही टोचलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. आपला तान्हा भाऊ जिवा भादव्यात गेला, अकरा महिन्यांचा. पाचव्या दिवशी काळीकाकी आयेला म्हणाली, तुझ्या घरातून झोपेत दात खाल्ल्याचा आवाज येतो, जिथं पोरगी दात खाते तिथं लहान जीव राहत नाही. सुकऱ्याबाबाच्या अंगणात सगळा पाडा बसला. मला मधे उभं केलं. "तानी, तू तिच्याजवळ निजतेस. खरं सांग." मी तुझ्याकडे बोट केलं. तू म्हणालीस, "मी नाय, हिचे वाजतात." बाने तुझ्या तोंडात मारली. दिवाळीनंतर तुला मामाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर धाडलं, मला आश्रमशाळेत. तू तेरा वर्षांची होतीस.

आणि आता हे लिहायची घाई का, तर मंगळवारी सासरी आलेली रविना माझ्याकडे तपासायला आली. सातवा संपत आलाय, बीपी थोडं वर आहे. मी विचारलं, बाळंतपणाला वांगणीला आईकडे कधी जाणार? तर म्हणाली, "आई बोलवत नाय, मावशी. म्हणते, मंगेशजवळच राहा." तुझा जावई ठाण्याला बांधकामाच्या साइटवर. पत्र्याच्या खोलीत, एका मोरीवर वीस माणसं. पहिलटकरीण पोर. मी म्हटलं, असं कसं? तर ती सहज बोलून गेली, "आई लहान जिवाजवळ झोपत नाय ना. मी तान्ही होते तेव्हापासून पडवीतच झोपते, दातांत फडकं धरून. मला वाटायचं तिची दाढ दुखते."

मी तिच्या कार्डावर वजन लिहीत होते. आकडा अर्धाच राहिला.

तू स्वतः सांगितलं होतंस की तुझे दात वाजत नाहीत. सगळ्यांनी मिळून तुझ्याकडून तो भरवसा काढून घेतला, आणि पहिला हात माझा होता. गोदीबाय, तुझ्यात काही नाही. कधीच नव्हतं. आणि माझ्या दातांनी जिवा गेला असंही नाही. दात वाजून कुणी मरत नाही, हे मी नर्स म्हणून सांगते. रविनाला घरी आण. तिच्याजवळ झोप.

तानी


जव्हार
२० जानेवारी

गोदीबाय,

नवसूने सगळं सांगितलं. तू उंबऱ्यात उभी राहून, ओळीवर बोट ठेवून वाचलंस. जीपमधली माणसं ओरडत होती तरी हलली नाहीस. दोनदा वाचलंस. मग कागद पोलक्यात खोचलास आणि नवसूला म्हणालीस, "तिला म्हणावं, हास्टेलात शंभर पोरी होत्या. कुणीच नाय सांगितलं काय तिला?"

नवसूला काही कळलं नाही. तो मला म्हणतो, "सिस्टर, काय हास्टेलचं काय हाय? गोदीकाकूचा चेहरा बघून मी पुढं विचारलं नाय."

मी त्याला म्हटलं, काही नाही, जुनं आहे. घरी आले आणि तुला लिहायला बसले: नाही, कुणीच सांगितलं नाही. आश्रमशाळेत सगळ्या पोरी थकून झोपायच्या, कोण कुणाचं ऐकणार. असं अर्धं पान लिहिलं. मग इकडचं तिकडचं लिहिलं. दातांवर बसवायला मला प्लास्टिकचं कव्हर दिलंय ते, ते घातलं की तोंड उघडं राहतं आणि नाकातून ढकललेली हवा तोंडातून निघून जाते ते, सकाळी जीभ चामड्यासारखी कोरडी होते ते. मग हनुवटीला पट्टा बांधला तर जबडा आणखी आवळायला लागले. आता नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेतलाय. त्याच्या आत कव्हर घालून झोपते. गोरख म्हणतो, लढाईला निघाल्यासारखी दिसतेस. असं सगळं लिहिलं. ते पान मी फाडलं.

तू बरोबर विचारलंस. सांगितलं होतं मला.

नववीत. माझ्या शेजारच्या खाटेवर वर्षाली नावाची जामसरची पोरगी होती. एक दिवस आंघोळीच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाली, "तानी झोपेत दात खाते, मला भीती वाटते." मी तिच्या हातातली बादली लाथेने उलटी केली. मग अधीक्षिका मॅडमना सांगून कोपऱ्यातली खाट मागून घेतली, भिंतीकडची. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आणि मीही स्वतःला काही सांगितलं नाही. वर्षाली खोटारडी आहे, एवढंच मनात पक्कं केलं. मी पंधरा वर्षांची होते. तेव्हा तुझं लग्न होऊन गेलं होतं. मी घरी येऊन एकदा बोलले असते तर.

पहिलं पत्र लिहिताना मी "डोक्यात परवा आलं" असं लिहिलं. ते लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, हे मला जास्त भयंकर वाटतंय. माणूस स्वतःपासून इतकं लपवू शकतं? मी रोज बायांना विचारते, "काही लपवू नका, सगळं सांगा, मग औषध देता येतं." हे मी म्हणते.

नाशिकच्या डॉक्टरांना मी विचारलं, लहानपणीही माझा श्वास अडकत असेल का? ते म्हणाले, असू शकेल. काहींचा श्वास अडकला की मेंदू दचकतो, जबडा आवळला जातो, आणि दात घासतात. काहींचं काळजीने होतं. पक्कं सांगता येत नाही. मशीन नीट लागलं की पुष्कळांचं कमी होतं. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे याचा वेगळाच अर्थ लावतात. ते हसले. मी नाही हसू शकले.

रविनाचं बीपी बघायला मी पुढच्या मंगळवारी तिला बोलावलंय. ती ठाण्याला परत जायचं म्हणते. आता तिला आठवा लागेल. तू हो म्हण.

तानी


जव्हार
२ फेब्रुवारी

गोदीबाय,

तुझा निरोप नवसूने तुझ्याच आवाजात सांगितला, कमरेवर हात ठेवून. "कागद नको. कागदावर माझं नाव नव्हतं घेतलं. अंगणात घेतलं, पाड्याच्या पुढं. तिथं ये आणि झोप. ज्यांनी तेव्हा ऐकलं ते आता ऐकतील. मग रविनाला आणीन."

मी त्याला दोनदा विचारलं, "झोप म्हणाली? नक्की?"

"झोपच म्हणाली. दुपारी, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, काकू, सिस्टरकडं मोबाईलवर आवाज हाय ना. तर म्हणाली, मोबाईलवरचे दात कुणाचे पण असतील."

मी दोन दिवस तुझ्यावर रागावून होते. खरं सांगते. त्या पाड्यात मी लसीकरणाला जाते. माझ्या शब्दावर बाया पोरांना सुया टोचून घेतात. त्यांच्यासमोर मी तोंड उघडं टाकून घोरत पडायचं, आणि त्यांनी कान लावून बसायचं? मी सरकारी बाई, चव्वेचाळीस वर्षांची. मग मला आठवलं की तू तेरा वर्षांची होतीस आणि तुझं नाक फुटलं होतं.

आयेला मी फोन केला. ती म्हणाली, "कशापायी उकरता? मेलेलं पोर निजू द्या." मी म्हटलं, "आये, गोदीबायने मागितलंय." त्यावर ती म्हणाली, "मग ये." आणि फोन ठेवला.

९ तारखेला, रविवारी येते. गोरखची एकच अट आहे, मशीनशिवाय झोपायचं नाही. डॉक्टरांनीही तेच बजावलंय, दुपारची डुलकी असली तरी. दुपारी पाड्यात लाइट नसते. नवसूकडे जीपच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टर आहे, लग्नात लाउडस्पीकर लावायला वापरतो तो. म्हणतो, "मशीन घेऊन या. माझी जीप तुम्हाला श्वास देईल." त्याला सगळं कळलंय आता. मला लाजही वाटेनाशी झाली आहे.

दातांवरचं कव्हर मात्र घालणार नाही. वाजायचे ते वाजू देत.

तानी


जव्हार
१० फेब्रुवारी

गोदीबाय,

काल तू तिथंच होतीस, माझ्या डोक्याशी. तरी लिहिते आहे. बोलता येणार नाही, कारण ज्याबद्दल बोलायचं, ते बोलायचं नाही असं आपण दोघींनी ठरवून टाकलंय. ठरवलं ते न बोलताच.

पण आधी दुपारचं लिहिते. मी झोपेत होते तेव्हाचं मला पाड्यातल्या चैतीने सांगितलं.

मला वाटलं होतं पाच-दहा माणसं असतील. सुकऱ्याबाबाच्या रघ्याने बापाचं अंगण सारवून ठेवलं होतं, ओट्यावर गोधडी अंथरली होती, आणि पन्नास माणसं होती. तू नवसूबरोबर पुढे बसून आलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. नवसूने जीप पायरीला उलटी लावली आणि वायर ओढली. मी मास्क चढवला तशी काळीकाकी म्हणाली, "ही काय गं सोंड? सिस्टर का गणपती?" पोरं फिदीफिदी हसली. नवसू विचारत होता, गाडी चालू ठेवू का बंद? तू म्हणालीस, "बंद ठेव. ऐकायचं हाय."

मी मास्कचा पट्टा ओढून घेतला आणि आडवी झाले.

मला वाटलं, झोप येणारच नाही. कुणी खोकलं की डोळे उघडत होते. कुणीतरी म्हणालं, "अंगाई म्हणा सिस्टरला." तू म्हणालीस, "गप रे." मी दोन रात्री झोपले नव्हते. मशीनची हवा नाकात आली आणि मी गेले.

जागी झाले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. चैतीने हळूच सांगितलं, "नाय वाजले, सिस्टर."

"नाय काय वाजले," काळीकाकी म्हणाली. "तासभर बसलो आम्ही. मांजरीवाणी निजली होती. घोरली पण नाय."

रघ्या म्हणाला, "मशीन होतं म्हणून नसतील वाजले."

मी मास्क सोडत म्हटलं, "हो. मशीन नीट लागून हवा मिळाली की दात खाणं कमी होतं, असं डॉक्टर म्हणालेच होते." आणि हे म्हणताना मलाच धक्का बसला. डॉक्टरांनी मला सांगितलेलं, मी तुला लिहून कळवलेलं. आणि एवढं सामान घेऊन निघताना ते माझ्या एकदाही मनात आलं नाही.

काळीकाकी हसली. "म्हंजे तुझं खरं बी मशीनच सांगणार, आन् खोटं बी मशीनच."

तू उठलीस. लुगडं झटकलंस. "चल रे नवसू," एवढंच म्हणालीस. तुझा आवाज चढला नव्हता. तू जणू हेच होणार म्हणून आली होतीस. मला वाटतं तू तीन पावलं चालली असशील. मी ओट्यावरून उतरले, चपला न घालता, आणि जिथं मला तेव्हा उभं केलं होतं तिथं जाऊन उभी राहिले. नळी अजून माझ्या हातात होती.

काय बोलले ते नीट आठवत नाही. तू ऐकलंस. नाव घेऊन बोलले, एवढं मला माहीत आहे. गोदी नाही, तानी. आवाज माझा होता, मी जागी झाले की थांबायचा, मी बहिणीवर घातला. आश्रमशाळेत मला पोरीनं सांगितलं होतं, मी दडवलं. हे सगळं. कुणीतरी मागून म्हणालं, "सिस्टर बहिणीसाठी बोलतायत." मला वाटलं, संपलं. माझ्याकडे आता दुसरं काहीच नव्हतं.

आणि मग आये बोलली.

ती दुपारभर भिंतीला टेकून सुपात नागली निवडत बसली होती. म्हणाली, "थांब गं गोदी." मग मला, "कूस बदललीस का थांबायचं ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "तसंच व्हायचं. मी अंधारात पडून ऐकायची. तानी वळली का थांबायचं. मी म्हणायची, हिचा धक्का लागतो म्हणून गोदी गप होते." तिने सूप खाली ठेवलं. "तानी वळली का थांबायचं," परत म्हणाली. स्वतःलाच.

काळीकाकीने पदर तोंडाला लावला. रघ्या पुढे येऊन म्हणाला, "पाड्याची चूक झाली, गोदी. बा असता तर त्यानंच म्हटलं असतं." मला वाटलं, आता मी रडणार. चौतीस वर्षांचं ओझं उतरलं असं काहीतरी माझ्या मनात येऊ लागलं होतं. किती स्वार्थी असतं मन.

तेवढ्यात आयेने विचारलं, "मग माझा जिवा कशानं गेला?"

गोदीबाय, हा प्रश्न येईल हे मला कळायला हवं होतं. तिच्याकडे इतकी वर्षं एक उत्तर होतं. वाईट होतं, तुझ्या जिवावरचं होतं, पण होतं. ते आपण आत्ताच तिच्या हातातून काढून घेतलं होतं.

आणि मला खरं उत्तर माहीत आहे. तुलाही. त्याला जुलाब लागले होते. जुलाबात पाणी पाजलं की जुलाब वाढतात, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. आयेने त्याला दोन दिवस पाणी दिलं नाही. अंगावरही पाजलं नाही. तो तांब्याकडे हात करायचा. त्याचे डोळे आत गेले होते. तू ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या तोंडाशी नेलंस आणि आयेने तुझा हात धरला, झिडकारला, पाणी जमिनीवर सांडलं. मी पाहिलं आहे ते. अठरा वर्षं मी पाड्यापाड्यांत फिरून सांगते, जुलाब लागले की पाणी थांबवू नका, साखर-मीठ घालून पाजत राहा. दर वेळी सांगताना जिवाचा हात माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि दर वेळी मी तो बाजूला सारते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून मी कधी बघितल्याच नाहीत. काल अंगणात त्या आपोआप एकत्र आल्या.

माझं तोंड उघडलं होतं. मी सांगणार होते का? मला माहीत नाही. कदाचित सांगितलं असतं. मी खरं बोलायलाच तर आले होते, आणि एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही असं वाटत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. सबंध दुपारी पहिल्यांदा. मग आयेजवळ जाऊन उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "तो आतूनच कच्चा होता, आये. जन्मला तवाच अशक्त होता. तू कायबी केलं असतंस तरी राहला नसता." आणि माझ्याकडे बोट केलंस. "ही सिस्टर हाय. हिला इचार."

सगळा पाडा परत माझ्याकडे बघू लागला. आयेही.

मी म्हणाले, "हो आये. काही करता आलं नसतं."

या वेळी मी टक्क जागी होते.

आये म्हणाली, "मग बरं." सूप परत मांडीवर घेतलं. हात मात्र नागलीवर तसेच ठेवलेले, हलत नव्हते. तू तिच्याजवळ बसून तिच्या सुपातले खडे वेचायला लागलीस. तुझा हात तिने झिडकारला होता, तुझं नाव तिने पाड्यात जाऊ दिलं, तुला भट्टीवर धाडलं. तू तिला वाचवलंस, आणि त्यासाठी मला साक्षीला उभं केलंस. मी रात्रभर यावर विचार करते आहे. तू ते कधी ठरवलंस? तिथे, त्या क्षणाला? की कितीतरी वर्षांपूर्वीच, आणि वाट बघत होतीस कुणी विचारेल याची? तुला पाण्याचं माहीत होतं, मग तू तेरा वर्षांची असताना का नाही ओरडलीस की पाण्यावाचून मेला म्हणून? मी विचारते आहे, पण उत्तर देऊ नकोस. दिलंस तर मला ऐकवणार नाही.

निघताना तू नवसूला म्हणालीस, "बुधवारी जीप मोकळी ठेव. रविनाला आणायचं हाय." तेवढं मला पुरलं.

आता कामाचं. आये बाळंतपणाला तुझ्याकडे येऊन राहते म्हणते. येऊ दे. रविनाच्या बीपीच्या गोळ्या नवसूबरोबर पाठवल्यात, सकाळी एक. पाय सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबू नका, मला फोन करा आणि तडक जव्हारला या. नवसूला सांगून ठेवलंय. बाळ झालं की तू जवळ झोप.

गोळ्यांच्या पिशवीत खाली पांढऱ्या पुड्या आहेत. बाळाला कधी जुलाब लागले तर अंगावरचं दूध बंद करायचं नाही. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची आणि चमच्या-चमच्याने पाजत राहायचं, आणि मला बोलवायचं. आये तेव्हा तिथं असेल तर तिला काहीतरी काम सांगून बाहेर पाठव. मग पाज.

तानी